वाढपी रोबो आणि बाईंचं भाषण

माणसाने एकदा नाक कापून घ्यायचं ठरवलं की सुरी कुठूनही मिळते. दशांशरावांना ती स्वतःच्याच जिभेवर सापडली.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथालयात पुस्तकं दशांश पद्धतीने लावतात, हे ज्यांना जाणून घ्यायचं नाही त्यांनाही दशांशराव ते सांगून सोडत. एकदा त्यांनी घरातले डबे त्याच शिस्तीने लावले, प्रत्येकावर क्रमांक चिकटवले, आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. "मी क्रमांक बरोबर बघितला होता हो," असं बायकोने सगळ्यांदेखत सांगितलं. नाव त्या दिवशी पडलं ते पडलंच.

ग्रंथपाल मंडळाचे ते चिटणीस. यंदाच्या परिषदेचा विषय होता 'नवी डिजिटल तंत्रं आणि उद्याचा माहितीतज्ज्ञ'. पूर्वतयारीच्या बैठकीत सहचिटणीस म्हणाले, "विषय उद्याचा घेतलाय खरा, पण आपल्याकडे दाखवायला आहे काय? एक प्रोजेक्टर. तोही उलटं चित्र दाखवतो." मंडळी हसली. इथवर ठीक होतं. पण सहचिटणिसांना हसू ऐकलं की थांबता येत नसे. ते पुढे म्हणाले, "आणि आपले चिटणीस! त्यांना मोबाइलवर आलेला फोटो शोधायला अजून मुलीला हाक मारावी लागते."

ही गोष्ट खरी होती, म्हणूनच झोंबली.

"माझ्याकडे रोबो आहे," दशांशराव म्हणाले.

कोणाचा तरी कप बशीवर टेकता टेकता राहिला.

"म्हणजे माझ्याकडे नाही, आमच्या ग्रंथालयात. प्रायोगिक आहे. वाचकाला पुस्तक आणून देतो."

थापेचं असं असतं, पहिली आपण मारतो आणि पुढच्या तिच्या मागोमाग आपोआप चालत येतात. आठवड्याभरात निमंत्रणपत्रिका छापून आली. त्यात प्रमुख वक्त्यांच्या नावाखाली आणि भोजनाच्या वर, ठळक अक्षरांत, 'विशेष आकर्षण: ग्रंथसेवक रोबो'.

खरं सांगायचं तर रोबो अगदीच काल्पनिक नव्हता. दशांशरावांच्या मेहुण्याचं रेस्टॉरंट होतं आणि तिथे त्याने नुकताच एक वाढपी रोबो आणला होता. कमरेएवढी उंची, खाली चाकं, एकावर एक दोन कप्पे, वर एक पडदा आणि पडद्यावर दोन गोल डोळे. टेबलाचा आकडा दाबला की ताटल्या घेऊन तिथे जायचा आणि गोड आवाजात बोलायचा.

"नेण्याचं काही नाही दाजी," मेहुणा म्हणाला, "पण तो पुस्तकवाला नाही. त्याला वाक्यं येतात ती आमच्या हॉटेलची. ती बदलायची तर कंपनीचा माणूस लागतो, आणि कंपनीचा माणूस फोन उचलत नाही."

"आवाज बंद करता येतो ना? मग झालं."

"अहो, सरळ सांगून टाका ना मंडळाला, की रोबो येत नाही म्हणून," बायको म्हणाली.

हा सल्ला इतका सोपा, सरळ आणि बिनखर्ची होता की दशांशरावांनी त्याचा विचारच केला नाही.

परिषदेच्या आदल्या दुपारी रोबो घरी आला. घरचं झालं थोडं आणि मेहुण्याने धाडला रोबो! लिफ्टमधून तो बाहेर पडायच्या आत मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. समोरच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "भांडी घासतो का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रोबोमधला रस संपला आणि त्या आत गेल्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरांनी त्याचा विमा आहे का, याची चौकशी केली. रोबोने कोणाच्या पायावरून चाक नेलं तर जबाबदारी चालवणाऱ्याची, मालकाची, की ज्याचा पाय त्याची, यावर त्यांनी जिन्यातच अर्धा तास घेतला.

शेजारचे इंजिनिअर मात्र आतच आले आणि बसले. हे गृहस्थ पूल बांधणाऱ्या खात्यातले. शेळ्या असोत वा रोबो, ते उंटावरूनच हाकत.

"हा असा नेऊ नका," ते म्हणाले. "अंगावर हॉटेलचं नाव आहे, सुरी-काट्याचं चित्र आहे. याला पुस्तकासारखा करा."

ही सूचना दशांशरावांना मनापासून पटली. बायको आणि मुलगी यांनी मिळून रोबोला वह्यांसारखं खाकी कव्हर घातलं. दशांशरावांनी स्वतःच्या हाताने, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवतात तसा वर्गक्रमांकाचा कागद त्याच्या पाठीवर चिकटवला. खाकी कागदातून दोन गोल डोळे बघत होते.

"बाबा, हा पार्सलसारखा दिसतोय," मुलगी म्हणाली.

"आता आवाज," म्हणत इंजिनिअरांनी मागचं झाकण उघडलं. तिथे एक चक्री होती. ती त्यांनी आत्मविश्वासाने फिरवली. कोणत्या बाजूने फिरवली हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सभागृहाच्या दारावर सकाळी पहिला अडथळा उभा राहिला. सुरक्षारक्षक म्हणाला, "सामान असेल तर मागच्या दाराने न्या, सामानाचा पास लागेल. पास व्यवस्थापक देतात."

व्यवस्थापक आले. त्यांनी रोबोकडे बघितलं. रोबो स्वतःच्या चाकांवर दोन पावलं पुढे आला आणि त्यांच्यासमोर थांबला.

"हे सामान नाही," व्यवस्थापक म्हणाले. "सामान आपण उचलून आणतो. हे स्वतः येतंय. याला सामानाचा पास दिला तर उद्या मला विचारतील."

"मग पुढच्या दाराने सोडा."

"पुढच्या दाराने फक्त प्रतिनिधी. छातीवर बिल्ला असेल तरच."

माहितीशास्त्राच्या पदव्या घेतलेली तीन-चार माणसं तिथे उभी होती, पण या पेचाचं वर्गीकरण कोणालाच जमेना. शेवटी रोबोची प्रतिनिधी म्हणून नोंदणी झाली. गळ्यात बिल्ला आला, कापडी पिशवी मिळाली आणि भोजनाचं कूपनही मिळालं. संस्थेचं नाव विचारलं तेव्हा दशांशरावांनी खालमानेने स्वतःच्या कॉलेजचं नाव सांगितलं. मेहुणा मागे उभा राहून खोकला.

मेहुण्याने मग रोबोला जागा शिकवल्या. व्यासपीठ हे एक टेबल, पहिली रांग हे दुसरं टेबल. "आणि स्वयंपाकघर कुठे दाखवू? ते दाखवल्याशिवाय हा सुरूच होत नाही." दशांशरावांना घाई होती. त्यांनी सभागृहामागच्या चहाच्या खोलीकडे बोट दाखवलं. मेहुण्याने ती जागा शिकवली आणि रेस्टॉरंट उघडायची वेळ झाली म्हणून तो निघून गेला.

परिषदेच्या अध्यक्ष होत्या बाई. मंडळातल्या निम्म्या लोकांना ग्रंथपालन त्यांनीच शिकवलं होतं, दशांशरावांना तर अगदी पहिल्या अक्षरापासून. नोंद चुकली तर बाई ओरडत नसत. त्या कागद परत देत आणि म्हणत, "हे पुस्तक आता कोणाला सापडणार नाही. तुझ्यामुळे." त्यापेक्षा छडी परवडली असती. आता बाई खूप थकल्या होत्या, पण भाषण अजून शाईच्या पेनाने लिहून आणत, आणि ते लांब असे. किती लांब, हे विचारायची पद्धत नव्हती. बाई अध्यक्ष आहेत असं कळलं की अनुभवी प्रतिनिधी सकाळी पोटभर खाऊन येत.

उद्घाटन झालं. दशांशराव माईकवर म्हणाले, "आता आपल्या अध्यक्षांचं स्वागत उद्याचं ग्रंथालय करेल," आणि त्यांनी आकडा दाबला. खाकी कव्हरातला रोबो पुष्पगुच्छ घेऊन उतारावरून झोकात व्यासपीठावर चढला. टाळ्या पडल्या. दशांशरावांची छाती फुगली. रोबो बाईंसमोर थांबला, त्याने डोळे मिचकावले आणि शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"गरमागरम सूप हजर आहे! जपून घ्या, भांडं तापलेलं आहे!"

बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि पुष्पगुच्छ रुमालाने धरून उचलला.

सभागृहात आधी एक माणूस हसला, मग सगळे. "परिषद सुरू व्हायच्या आधीच सूप वाजलं!" सहचिटणीस मोठ्याने म्हणाले, आणि हशा दुप्पट झाला. दशांशरावांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण जमीन सभागृहाच्या मालकीची होती आणि तिथे काहीही करायचं तर व्यवस्थापकांची परवानगी लागत होती.

त्यांना वाचवलं प्रमुख वक्त्यांनी. हे फार मोठे तंत्रज्ञ होते आणि त्यांना कशाचाही अर्थ लावता येत असे. ते उठून म्हणाले, "हसू नका! सूप कशासाठी असतं? पाखडायला! माहितीच्या ढिगातून फोल उडवायचं आणि दाणा ठेवायचा, हेच उद्याच्या माहितीतज्ज्ञाचं काम. चिटणिसांनी किती सूचकतेने सांगितलं!" लोक गंभीर झाले. काहींनी लिहून घेतलं. भांडं का तापलेलं असावं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आता दशांशरावांनी इथेच थांबायला हवं होतं. बुडता बुडता हाताला लागलेला ओंडका धरून माणूस काठाला लागतो. दशांशराव त्या ओंडक्यावर उभे राहून नाचायला लागले.

वक्त्यांचं भाषण झालं, प्रश्न झाले, चहा झाला. अध्यक्षीय भाषणाची वेळ आली. बाई उठल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाषणाचे कागद. माईकच्या टेबलावर वक्त्यांचा लॅपटॉप आणि वायरींचं जाळं पसरलेलं, त्यामुळे कागद कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"बाई, इकडे द्या!" दशांशराव धावले. सगळं सभागृह बघत होतं. "आपला ग्रंथसेवक आहे ना. तो आपल्या शेजारी उभा राहील. आपण एकेक पान घ्यायचं." आणि त्यांनी बाईंच्या हातातले कागद अदबीने घेऊन रोबोच्या खालच्या कप्प्यात ठेवले. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी चहाचे रिकामे कप तिथे आधीच ठेवून दिले होते.

रोबोने डोळे मिचकावले.

"धन्यवाद! पुन्हा अवश्य भेट द्या!" असं म्हणून तो वळला आणि उतारावरून खाली निघाला.

"अरे, हा कुठे चालला?" बाई म्हणाल्या.

दशांशराव मागे धावले. त्यांनी पुढे होऊन वाट अडवली. रोबो अदबीने थांबला, "कृपया वाट द्या, जेवण थंड होतंय," म्हणाला आणि त्यांना वळसा घालून पुढे गेला. दशांशराव पुन्हा आडवे आले. रोबोने पुन्हा वळसा घातला. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने त्यांचा हा नाच चालला होता आणि प्रतिनिधी मोबाइल उंच धरून टाळ्या वाजवत होते. हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. एक महिला प्रतिनिधी तर म्हणाल्या, "माणसाला ओळखून कसा बाजूला होतो बघा!"

दशांशरावांनी धावता धावताच मेहुण्याला फोन लावला. "हा भाषण घेऊन पळतोय! कसा थांबवू?"

"भाषण? कुठे ठेवलंत?"

"खालच्या कप्प्यात!"

"अहो दाजी, खालचा कप्पा उष्ट्याचा! तो भरला की हा थेट स्वयंपाकघरातल्या मोरीकडे जातो!"

चहाच्या खोलीचं दार उघडंच होतं. आतला गृहस्थ सकाळपासून कप विसळून कावला होता. रोबो समोर येऊन थांबल्यावर त्याने मान वर न करता खालचा ट्रे उचलला आणि साबणाच्या पाण्यात उपडा केला. कप बुडाले. त्यावर बाईंचं भाषण तरंगलं. शाई हळूहळू सुटायला लागली, आणि दशांशराव दाराशी पोचले तेव्हा टबातलं पाणी सुंदर निळं झालं होतं.

"कागद पण होते काय?" तो गृहस्थ म्हणाला. "सांगायचं नाही का आधी!"

ओले कागद दोन्ही हातांवर धरून दशांशराव परत आले. बाई माईकसमोर तशाच उभ्या होत्या. दशांशरावांच्या कोपरांवरून निळे थेंब गालिच्यावर पडत होते. बाईंनी कागदांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्या माईककडे वळल्या. "माझं भाषण," त्या म्हणाल्या, "नव्या तंत्रज्ञानाने स्वीकारलं आहे. आपण सगळे आलात, आभारी आहे." आणि खाली बसल्या.

क्षणभर कोणाला कळलं नाही. कळलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या इतिहासात अध्यक्षीय भाषणाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. अध्यक्षीय भाषणानंतर जेवण गरम असतानाच मिळालं, असंही कधी झालं नव्हतं.

खरी नाचक्की इथून पुढची. जेवणाच्या रांगेत लोक दशांशरावांच्या पाठीवर थाप मारून जात होते. "मानलं बुवा!" "काय डोकं चालवलंत!" दशांशरावांना आधी अर्थच लागेना. मग सहचिटणीस आले. बैठकीत टर उडवणारे तेच सहचिटणीस. आता त्यांच्या डोळ्यांत नितळ आदर होता. त्यांनी दशांशरावांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"नाही हो" एवढंच म्हणायचं होतं. पण सबंध सकाळभर हसं झालेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदा हुशार म्हणत होतं. दशांशराव हसले. हो नाही आणि नाहीही नाही, असं ते हसू होतं. ओठांचा एक कोपरा वर, नजर दुसरीकडे.

आणि नजर जिथे गेली तिथे, हातभर अंतरावर, रिकामी प्लेट घेऊन बाई उभ्या होत्या.

त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि त्या न जेवताच निघाल्या.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने रोबोचा भाग हसू दाबत ऐकला. त्या हसण्याचा भाग आला तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "रोबोचं जाऊ द्या, ते यंत्र आहे," ती म्हणाली. "तुम्ही का हसलात?" जेवण कोणी विचारलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

कागद वाळवण्याबाबत शेजाऱ्यांचं एकमत होईना. मॅनेजर म्हणाले, पंख्याखाली. काकू म्हणाल्या, दोरीवर, चिमटे लावून. इंजिनिअर म्हणाले, "तांदळात पुरा. माझा मोबाइल भिजला होता तेव्हा तेच केलं." "मग सुरू झाला?" "नाही. पण कोरडा झाला." शेवटी दशांशरावांनी एकेक पान इस्त्रीखाली घातलं. पानं कडक झाली, सरळ झाली आणि सगळी एकसारखी फिकट निळी झाली. वाचता येईल असं एक अक्षर उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या घरी गेले. घंटी वाजवायच्या आधी जिन्यात बराच वेळ वाक्यं जुळवत उभे राहिले. "बाई, काल जे घडलं ते यांत्रिक गैरसमजुतीतून," इथपर्यंत छान जमत होतं. दार उघडलं आणि सगळं विसरलं.

"ये," बाई म्हणाल्या. "पाय पूस."

खोलीत एक टेबल, एक दिवा आणि चारी भिंतींना पुस्तकं. दशांशरावांनी निळी पानं टेबलावर ठेवली. "बाई, ते मुद्दाम नव्हतं. रोबो माझा नव्हता, हॉटेलचा होता. मी खोटं बोललो होतो. आणि कप्पा उष्ट्याचा आहे हे मला माहीत नव्हतं. खरंच."

"ते कळलं मला. सुपावरूनच कळलं," बाई म्हणाल्या. "तुला इतका मोठा डाव रचता येत नाही. तुझी नोंदही कधी एका फटक्यात बरोबर आली नाही." मग जरा थांबून, "हसलास मात्र मुद्दाम."

दशांशरावांची मान खाली गेली. सतरंजीवर एक दोरा सुटला होता.

"हो, बाई."

"वेळ आहे तुला?"

"आहे, बाई."

"मग बस. ऐक."

बाईंनी डोळे मिटले आणि भाषण सुरू केलं. कागदाशिवाय. पहिली नोकरी, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं, त्या पुस्तकांचे क्रमांक, ती डकवायला खळ कशी करायची, सूचीचे खण, मग संगणक, मग त्याहून पुढचं सगळं. तारखा होत्या, माणसांची नावं होती, वाक्यांना तळटीपाही होत्या. भाषण लांब होतं, यात लोकांचं काही चुकत नव्हतं. दशांशरावांचा पाय बधिर झाला, समोरच्या चहावर साय धरली. पण ऐकता ऐकता त्यांना वाटायला लागलं की सभागृहात हे कोणीतरी ऐकायला हवं होतं. निदान आपण तरी.

एके ठिकाणी बाई थांबल्या. जरा खाकरल्या आणि एकदम नव्या मुद्द्यावर गेल्या. दशांशरावांना वाटलं, दम लागला असेल.

भाषण संपलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं.

"सगळं पाठ आहे बाई तुम्हाला!" दशांशराव म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खुशामत नव्हती.

"सगळं नाही. मधलं एक पान गेलं." बाईंनी निळ्या पानांची चळत पुढे ओढली, बोटाने चाळली आणि परत सारली. "माझ्या विद्यार्थ्यांबद्दल होतं. म्हणजे तसं एकाच विद्यार्थ्याबद्दल. तुझ्या."

दशांशराव खुर्चीत पुढे सरकले. "माझ्याबद्दल? काय होतं, बाई?"

"तेच तर आठवत नाही."

उंदराने कुरतडलेल्या पुस्तकाचा क्रमांक आठवणाऱ्या बाई शांतपणे त्यांच्याकडे बघत होत्या. दशांशरावांनी ती निळी पानं उचलली, एकेक करून उजेडात धरली, उलटी धरली, डोळ्यांशी नेली. सगळी सारखीच होती.

"काहीच आठवत नाही? एखादा शब्दसुद्धा?"

"चांगलं असावं," बाई म्हणाल्या. "लिहायला बराच वेळ लागला होता."

त्या काठी टेकत त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या. दशांशराव उंबऱ्याबाहेर उभे राहिले, निळी पानं छातीशी धरून.

"बाई, आठवलं तर सांगाल?"

"बघू," बाई म्हणाल्या. "वय झालं रे आता." आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.